उभ्या गाडीत

मोठी आई आयुष्यात एकदाही गाडीत बसलेली नाही. यष्टी नाही, जीप नाही, शेजाऱ्याची बैलगाडीसुद्धा नाही. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. आम्ही फासेपारधी. आमच्या घराण्याचा देव थोरल्या घरी असतो, आणि ज्या बाईच्या घरी देव, तिनं चाकावर बसायचं नाही, परक्याच्या हातचं शिजलेलं खायचं नाही, अशी रीत. सगळ्या पारध्यांत ती आता राहिलेली नाही. आमच्यात आहे. येरमाळ्याच्या बाजाराला ती चालत जाते. कळंबला मयतीला चालत गेलेली आहे. शेजारून यष्टी गेली की पदर नाकाला लावते, पण तो देवासाठी नव्हे, धुरासाठी.

या रीतीविरुद्ध मी पत्रक काढलं होतं.

मी पत्रकांवरच वाढले. वडील चळवळीत होते. कळंबच्या छापखान्यातून गठ्ठे आणायचे, सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून. गुलाबी, पिवळी, हिरवी. सभा झाली की उरलेली पत्रकं आई कुडाला आतून खळीनं चिकटवायची, वारा अडावा म्हणून. अक्षरं मी त्या कुडावर शिकले. शाळेत बाई कमळातला क गिरवून घेत होत्या तेव्हा मला ‘धिक्कार’ लिहिता येत होतं. आई म्हणायची, “कागदानं चूल पेटती, पोट न्हाय भरत.” वडील हसायचे आणि पुढचा गठ्ठा आणायला निघायचे. ते आता नाहीत. कूडही नाही, पत्रा आहे. सवय मात्र मला लागली ती लागलीच.

माझं पत्रक रागातून निघालं होतं. देव पूर्वी काही काळ आमच्या घरी होता. माझ्या पाठच्या भावंडाच्या वेळी आई अडली, आणि जीप दारात उभी असताना तिला चादरीच्या झोळीतून येरमाळ्याच्या दवाखान्यात नेलं. आई वाचली. बाळ वाचलं नाही. वडिलांनी देव थोरल्या घरी परत दिला आणि त्या दिवसापासून आई गाडीत बसायला लागली. कॉलेजात गेल्यावर मी हे सगळं लिहिलं, छापलं, वस्तीवस्तीत वाटलं. मोठ्या आईच्या हातातही एक दिलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं, विचारलं, “ह्यात माझं नाव हाय का?” नाही म्हटल्यावर म्हणाली, “मग माझ्यावर कशाला चिडलीस?” आणि त्या कागदात मिरच्या बांधल्या.

ते पत्रक मी मागे घेतलेलं नाही. आजही घेणार नाही. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं ते वाचून कुणाला वाटेल की माझं मत बदललं.

आमची वस्ती येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेच्या कडेला, गायरानात आहे. गेल्या हिवाळ्यात तिथल्या कडुलिंबाच्या झाडावर नोटीस लागली. गायरानावर सौरऊर्जेच्या प्लेटा बसणार, अतिक्रमण काढून घ्या. वस्तीतली निम्मी माणसं तेव्हा ऊसतोडीला गेलेली होती. नोटीस वाचायला मी, आणि ऐकायला म्हातारी माणसं आणि एक मेंढ्यावाले मामा. मामा गावातले धनगर. त्यांचा मुलगा कळंबला नोकरीला, मेंढ्या मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. गायरान गेलं तर त्यांची चराई जाणार होती. आमचं आणि त्यांचं फारसं पटायचं नाही. त्यांचं म्हणणं, आमच्या कुत्र्यांनी त्यांचं कोकरू खाल्लं. आमचं म्हणणं, कोकरू लांडग्यानं नेलं.

आम्ही हरकत घेतली, कंपनीचं उत्तर लगेच आलं. म्हणे ही वस्ती कालपरवाची, भरपाईसाठी उभी केलेली. हे लोक भटके, इथले नव्हेतच. मला वाचताना हसू आलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या एका जागी टेकू दिलं नाही, त्यांनाच विचारायचं, तुम्ही इथले कधीपासून! या प्रश्नाला उत्तर देऊ शकणारं एकच माणूस वस्तीत उरलं होतं. मोठी आई लग्न होऊन त्याच लिंबाजवळ आली. तिचा नवरा त्याच गायरानात पुरलेला आहे. बाकी सगळे तिच्यानंतर जन्मलेले, नाहीतर नंतर लग्न होऊन आलेले. घरं राहणार की जाणार, ते तिच्या शब्दावर होतं.

धाराशिवच्या कचेऱ्यांत मी अर्ज देऊन थकले, तेव्हा गडचिरोलीच्या मैत्रिणीला फोन केला. ती गोंड. आदिवासी तरुणांसाठी ऑनलाइन शिबिर घेते, तिथं आमची ओळख झाली. जगाच्या दारात आपलं गाऱ्हाणं कसं न्यायचं हे ती शिकवायची. लेखी निवेदन कसं पाठवायचं, प्रवासाच्या निधीला अर्ज कसा करायचा, तिथं बोलायला तीन मिनिटं मिळतात तर पहिल्या मिनिटात काय सांगायचं. ती स्वतः जिनिव्हात, आदिवासींच्या जागतिक सभेत बोलून आलेली. मधेच माईक बंद झाला होता तिचा. “वाईट वाटून घेऊ नको,” ती आम्हाला सांगायची, “खरं काम बाहेर, चहाच्या टेबलाशी होतं. तिथं माणूस धरायचा.”

मी तिला म्हटलं, मला जिनिव्हाला जायचंय, जगाला ओरडून सांगायचंय.

“ओरड नंतर,” ती म्हणाली. “आधी शोध, कंपनीला पैसा कोण देतंय.”

शोधलं. परदेशातली बँक निघाली. हरित ऊर्जेसाठी कर्ज देणारी. अशा बँकांकडे तक्रारीची एक खिडकी असते, आणि आदिवासींच्या जागेबद्दल त्यांनी स्वतःच नियम लिहून ठेवलेले असतात. आम्ही तक्रार केली. मामांचं नावही घातलं. ते म्हणाले, “ह्या खिडकीत कोकराचा निकालबी लागंल का?”

आदिवासींच्या हक्कांचा जागतिक जाहीरनामा मी मोठ्या आईला आमच्या बोलीत वाचून दाखवला. आम्ही घरात पारधी बोलतो, इथं मराठीत लिहिते आहे. मी सांगितलं, तुमच्या जागेवर काही करायचं तर आधी तुम्हाला सगळं समजावून द्यायचं, मग विचारायचं, आणि विचारताना दाबायचं नाही. तुमच्या रीती तुम्हाला पाळू द्यायच्या.

“आन हे कुणी मानलंय?”

“जवळजवळ सगळ्या देशांनी कबूल केलंय.”

“कबूल तर आमीबी लई येळा केलंय, ठाण्यात,” ती म्हणाली. “मार पडला की कुणीबी कबूल करतं.”

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी हसले नाही. मी तिला सांगत होते की आपल्या सरकारनंही तिथं बाजूनं मत दिलंय, फक्त घरी आल्यावर म्हणतं, या देशात सगळेच मूळचे. ती म्हणाली, “मग सगळ्यांची घरं काढा की.”

बँकेनं कळवलं, ऐकून घेणारी माणसं येतील. धाराशिवच्या एका हॉटेलात भेट होईल. त्यांचा नियम असा की पहिली भेट तटस्थ जागी, म्हणजे तक्रारदारावर कंपनीचं दडपण येत नाही. गाडी पाठवतील. मी उलट लिहिलं की आमची मुख्य साक्षीदार गाडीत बसत नाही, तुम्ही वस्तीवर या. उत्तर आलं, आम्ही तिच्या रीतीचा आदर करतो, परंतु सुरक्षेच्या कारणास्तव जागा बदलता येत नाही. हा ‘परंतु’ मी सगळ्या कचेऱ्यांत ऐकलेला आहे. तो परदेशातही असतो हे नव्यानं कळलं.

मी मोठ्या आईला म्हटलं, मोबाइलवर तुझं बोलणं भरून घेते, तेच दाखवते.

“न्हाय. माझं तोंड डब्यात घालून धाडायचं न्हाय.” मागं आमच्या वस्तीचा एक व्हिडिओ गावभर फिरला होता, खाली ‘चोरांची टोळी, सावध राहा’ असं लिहून. त्यात ती भाकरी थापत होती.

“मग मी तुझ्या वतीनं सांगू?”

“माझं मी बोलीन.”

“कशी येशील?”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी मूर्ख आहे. “पायानं.”

मी भांडले. खरंच भांडले, ओरडून. आईच्या झोळीची आठवण करून दिली. म्हटलं, एक बाळ घालवलंय या रीतीनं, आता अख्खी वस्ती घालवणार का? ती चूल सारवत होती. सारवण पुरं केलं, हात धुतले, म्हणाली, “तुझ्या आईला झोळीत मीच धरलं व्हतं एका अंगानं. तू काय मला सांगतीस.”  यावर माझ्याकडं घोषणा नव्हती.

आदल्या दिवशी उजाडायच्या आत ती निघाली. बरोबर मामा. तिचा मुलगा ऊसतोडीला, आणि पारध्याची बाई एकटी हायवेनं चालली तर पोचेल की नाही याची खात्री कुणीच देत नाही, हे मामांना ठाऊक होतं. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. म्हणाले, “यष्टीत बसलं की माझी कंबर धरती. आन मेंढरांमागं चालायची सवय हाय, आज मेंढरू तेवढं बदललं.”

“मेंढरू कुणाला म्हंता?” मोठी आई.

“मलाच म्हनलो, बाई. पुढं चला.”

मी दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना घेऊन जीपनं गेले. मामांशी सकाळी फोन झाला होता, दुपारपर्यंत पोचतो म्हणाले होते. हॉटेलात गार हवा, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. बँकेकडून एक परदेशी बाई आणि पुण्याचा दुभाषी. माणसं वाईट नव्हती. बाईनं नीट ऐकलं, मधे बोलली नाही. वस्तीतल्या चौघांनी आपापलं सांगितलं. दर वेळी ती शेवटी तेच विचारी, इथं कधीपासून? आणि दर वेळी ते म्हणत, मोठ्या आईला विचारा.

दुपार टळली. मामांचा फोन लागेना. मग लागला. येडशीच्या अलीकडं एका गावात त्यांना अडवलं होतं. गावात विहिरीवरची मोटार चोरीला गेलेली, आणि रस्त्यानं पारधीण चाललेली. एवढ्यावर माणसं जमली. मामांना म्हणाले, तुम्ही जा, हिला ठेवा. मामा तिथंच तिच्याशेजारी मातीत बसले. म्हणाले, मग मलाबी ठेवा. पोलीस पाटील येऊन सोडेपर्यंत दोघं बसून होते.

मी हे टेबलावर जसंच्या तसं सांगितलं. दुभाष्यानं मान खाली घालून भाषांतर केलं. बाई म्हणाली, तुम्ही तिच्या वतीनं सांगू शकता, आम्ही लिहून घेऊ.

माझ्या पिशवीत निवेदन तयार होतं. तीन मिनिटांत बसेल असं, पहिल्या वाक्यापासून पेटलेलं. वडिलांना आवडलं असतं. मी ते काढलं नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या तोंडानं बोलायचं नाही हेच तर आम्ही मागत होतो, आणि ‘माझं मी बोलीन’ हे तिनं मला स्वच्छ सांगितलं होतं. मी म्हटलं, ती येते आहे. थांबा.

त्यांना संध्याकाळी निघायचं होतं, संभाजीनगरहून विमान. येतानाही ते त्याच रस्त्यानं आले होते, आमच्या वस्तीवरून, काचा बंद करून. मी म्हटलं, मग परत जाताना ती वाटेतच भेटेल. मला गाडीत घ्या, दाखवते.

येडशीच्या घाटात ती दोघं दिसली. मामा पुढं काठी घेऊन, ती मागं, रस्त्याच्या अगदी कडेला. एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा. गाडी थांबली. बाई उतरली, तिनं हात जोडले. मोठ्या आईनंही जोडले. दुभाष्यानं रेकॉर्डर काढला आणि मोठी आई बोलायला लागली.

एक उसाचा ट्रॅक्टर गेला, गाणी लावून. मग ट्रक. मग आणखी एक, हॉर्न दाबून धरलेला. दुभाषी म्हणाला, काहीच ऐकू येत नाही. अंधारून येत होतं. पुढं जागा बघायची तर ती पायी येणार, आणि विमान थांबणार नव्हतं.

तेव्हा दुभाषीच म्हणाला, “मावशी, गाडी चालू करत नाही. ही बघा, चावी काढून तुमच्या हातात देतो. नुसतं आत बसा. काचा लावल्या की आवाज स्वच्छ येईल.”

दार उघडं होतं. आतला दिवा लागला होता.

“उभी गाडी म्हंजे घरच की, बाई,” मामा म्हणाले. मग लगेच, “न्हाय, मी कोण सांगणार. माझा देव येगळा.”

मोठी आई माझ्याकडं वळली. “तू शिकलेली. बसू का?”

“तुला नसेल बसायचं तर नको बसू.”

“माझं मला ठाव हाय. तू काय म्हंतीस ते इचारलं म्या.”

मला माझं पत्रक पाठ आहे. त्यातलं शेवटचं वाक्य, गाडीत बसा, देव काही म्हणत नाही, असं आहे. तिनं पाय आत टाकला असता तर ते वाक्य जिंकलं असतं. घरंही कदाचित वाचली असती. जीप दारात होती तेव्हा मी तिथं असते तर आईला ढकलून बसवलं असतं, आजही बसवीन. पण इथं एका बाजूला नोटीस, दुसऱ्या बाजूला विमान, हातात दुसऱ्याची चावी, आणि मधे उघडं दार. यातून जो होकार निघतो त्याला मी होकार कसं म्हणू? असाच होकार ठाण्यात निघतो. ते तिनंच मला सांगितलं होतं.

मी म्हटलं, “नको बसू.”

तिनं चावी परत दिली. उभ्यानंच बोलली. तिनं सांगितलं, मी लग्न होऊन आले तेव्हा लिंब माझ्या कमरेएवढा होता. सांगितलं, नवऱ्याला कुठं पुरला, आणि त्या जागेवर दगड का नाही ठेवला. ठेवला की गावातली माणसं उचलून बांधाला नेतात. आणि विचारलं, काल तुम्ही आमच्या दारावरून गेलात, तेव्हा थांबला का नाहीत? मी एक एक वाक्य दुभाष्याच्या कानाशी मोठ्यानं मराठीत सांगत होते, तो बाईला इंग्रजीत. ट्रक जात होते. बाईचे डोळे भरले होते, असं मला वाटलं. ते धुरानंही असेल.

ती दोघं रात्रभर चालून परत आली. तिच्या टाचा फुटल्या होत्या. मामांनी पुढचे काही दिवस मेंढ्या गायरानात लांबूनच चारल्या, कुत्र्यांबद्दल बोलले नाहीत.

काही आठवड्यांनी ईमेल आला. साक्षीचा मसुदा, मंजुरीसाठी. चौघांची साक्ष पानभर. मोठ्या आईची अर्धं पान, रेकॉर्डिंगवर ऐकू आलं तेवढंच धरलेलं, आणि त्यात जागोजाग कंसात एकच शब्द, ‘अस्पष्ट’. मी लग्न होऊन आले तेव्हा, अस्पष्ट. माझ्या नवऱ्याला, अस्पष्ट. खाली नम्रपणे लिहिलं होतं की वस्ती किती जुनी हे यावरून ठरवता येत नाही, प्रत्यक्ष भेटीचा विचार पुढं केला जाईल. काम थांबवा असं कुठंही नव्हतं.

मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, भेटीसाठी पुन्हा लिही, दर आठवड्याला लिही, तिथं बसलेल्यांना कंटाळा आला पाहिजे. मग थोडं थांबून म्हणाली, “बसवायला हवी होतीस गं.”  ती शत्रू नाही. तिनं स्वतःचा माईक बंद होताना पाहिलाय.

मसुदा मी मोठ्या आईला वाचून दाखवला. ‘अस्पष्ट’ आला की मी थांबायचे, आणि ती गाळलेली जागा स्वतः भरायची, मोठ्यानं, मी बहिरी असल्यासारखी. पुरं झाल्यावर मी तिला विचारलं, मी तेव्हा ‘बस’ म्हणायला हवं होतं का?

“तू म्हनली असतीस तरी बसली नसते,” ती म्हणाली.

“मग विचारलंस कशाला?”

“बघत व्हते, तू कुनाकडची.”

मी चिडले. म्हटलं, ही काय परीक्षा घ्यायची वेळ होती? घरं जाताहेत आपली! ती म्हणाली, जाताहेत तर खरं. मग उठून दाराशी गेली. “लिही त्यांना. इथं या म्हनावं. हायवेवर आवाज व्हता, इथं शांत हाय. इथं सगळं ऐकू यील.”

मी लिहायला घेतलं. तिला काय म्हणाली ते पुन्हा विचारावं लागलं, कारण गायरानाच्या खालच्या अंगाला खांब ठोकायचं यंत्र सुरू झालं होतं. ती दाराशी उभी राहून सांगत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते.